पाचव्या होलवरचा बांध

पाचव्या होलवर चेंडू हवेत गेला की बाकीचे खेळाडू चेंडूकडे पाहतात आणि काथोडदादा जमिनीकडे. चेंडू पडतो, आणि चांगला पडतो. गवत नीट भादरलेलं, समोर झेंड्यापर्यंत मोकळी वाट. गोल्फ खेळणारा माणूस ज्या जागेसाठी नवस बोलेल, अशी जागा. दादा डोळे बारीक करतात, जवळच्या चिंचेकडे एकदा पाहतात, लांबच्या जांभळीकडे एकदा पाहतात आणि मान हलवतात.

"गेला," ते म्हणतात. "तिकरं भिकाचा हाय."

मग स्वतःच स्वतःला एक फटका दंड लावतात, खिशातून दुसरा चेंडू काढतात, सुरुवातीच्या जागी परत येतात आणि पुन्हा मारतात. पहिला चेंडू तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गवतावर पडून राहतो. तो आणायला दादा जात नाहीत. पाऊलही टाकत नाहीत.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तिकडे साप असावा. नंतर वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. पण दादांना चौथ्या होलवरून सहाव्या होलवरचा बगळा दिसतो. सत्तरीला आलेला हा माणूस चष्मा फक्त सही करताना लावतो.

आमचं मैदान टिटवाळ्याच्या अलीकडे, नदीच्या अंगाला आहे. नऊ होल आहेत, पण त्या नऊंतच माणसाचा जीव निघतो. ओढा तीनदा आडवा येतो. वाटा अरुंद आणि दोन्ही बाजूंना आंबे, चिंचा, जांभळी, एक प्रचंड वड. चेंडू झाडात गेला तर तो परत कुठे पडेल ते त्या झाडालाच ठाऊक. ही झाडं मैदान आखणाऱ्या साहेबाला नको होती म्हणे. पण जमीन देताना दादांनी एकच अट घातली होती, झाडाला हात लावायचा नाही. "मानूस इकला जातो, झार नाय इकला जात," असं ते बिल्डरला म्हणाले होते. बिल्डरने आता तेच वाक्य जरा शुद्ध करून जाहिरातीत घातलंय.

हो, मैदान दादांच्याच जमिनीवर आहे. त्यांच्या आणि आसपासच्या पाचसहा घरांच्या भातशेतीवर. जमिनीबरोबर प्रत्येक घराला क्लबची कायमची मेंबरशिप मिळाली. बाकीच्यांनी तिचा उपयोग लग्नाच्या हॉलसाठी सवलत मिळवण्याकडे केला. दादा तेवढे एका सकाळी आले, एका खेळाडूच्या हातून काठी घेतली आणि म्हणाले, "काय मारायचा हाय? ता?" आणि मारला. भाताचे भारे झोडून झोडून ज्याचे खांदे तयार झालेत त्याला कोणी गोल्फ शिकवायची गरज नसते. आमच्या कोचने एकदा त्यांचा फटका सुधारायचा प्रयत्न केला. दादा म्हणाले, "तू कवा भात झोरलास का?" कोच नाही म्हणाला. तिथे शिकवणी संपली.

माझी गोष्ट वेगळी. मी मूळचा ठाकुर्लीचा, नोकरी मोजणी खात्यात. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःची एक गुंठा झाली नाही. मुलीने इकडच्या टाउनशिपमध्ये फ्लॅट घेतला, त्याबरोबर क्लबची फॅमिली मेंबरशिप आली. तिला वेळ नाही, जावयाला आवड नाही. मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. नुसतं चालणं हा मला वेळेचा अपव्यय वाटतो, म्हणून मी एक चेंडू पुढे ढकलत चालतो. माझ्या खेळाचं याहून जास्त वर्णन करण्यासारखं काही नाही.

मंगळवार-शुक्रवार सकाळी मैदान रिकामं असतं. त्या दिवशी दादा आणि मी बरोबर खेळू लागलो. दादा होलना नंबराने ओळखत नाहीत. पहिलं 'वडाखालचा', दुसरं 'लांबट', तिसरं 'कोंडीचा'. चौथ्याला ते 'आयचा' म्हणतात, कारण तिथे त्यांची आई नाचणी करायची. पाचव्याला मात्र नाव नाही. पाचवं म्हणजे 'बांध'.

चिंचेच्या बुंध्यापासून निघून पुढच्या जांभळीपर्यंत, मैदानाच्या लांबीत, पूर्वी एक बांध होता. डावीकडचं शेत दादांचं, उजवीकडचं, ओढ्याच्या बाजूचं, धाकट्या भावाचं, भिकाचं. बापाने वाटणी केली तेव्हा तो बांध घातला होता. आता तिथे बुलडोझर फिरून, विलायती गवत लावून, सगळं परातीसारखं सपाट झालंय. बाकीच्यांना पाचवं होल साठ पावलं रुंद आहे. दादांना पंचवीस. डावीकडे आंब्यांची रांग, उजवीकडे न दिसणारा भिका. त्या पंचवीस पावलांच्या पट्टीतून दादा गेली कित्येक वर्षं चेंडू काढतायत.

मधे एकदा त्यांनी तिथे पांढऱ्या रंगाच्या बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. गोल्फमध्ये पांढरी खुंटी म्हणजे हद्द. सेक्रेटरींनी त्या उपटल्या. दादांनी पुन्हा ठोकल्या. सेक्रेटरींनी लेखी पत्र दिलं, की मैदानाच्या मधोमध हद्द असू शकत नाही. दादांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "तेंच्या कागदावर नसल. हद्द म्हंजे हद्द." पण खुंट्या परत ठोकल्या नाहीत. त्यांना त्याची गरजही नव्हती.

तिकडे राहिलेले चेंडू माळी गोळा करतात. दादांच्या चेंडूंवर निळ्या शाईने 'का' लिहिलेलं असतं. माळ्यांनी ते परत नेऊन दिले की दादा हात मागे घेतात. "ते भिकाचे झाले. भिकाला द्या." क्लबमध्ये भिका नावाचा कोणीच मेंबर नाही, म्हणजे कागदोपत्री होता, पण त्याने कधी तोंड दाखवलेलं नाही. शेवटी ऑफिसात एक बादली ठेवली गेली. सेक्रेटरी शिस्तीचा माणूस. त्यांनी बादलीवर चिठ्ठी लावली, 'श्री. भिका यांचे चेंडू'.

मागच्या हिवाळ्यात क्लबची स्पर्धा झाली. दादा एका फटक्याने पुढे होते. सगळ्यांना वाटलं, कप यांचाच. दुसऱ्या फेरीत पाचव्या होलवर वारा सुटला आणि त्यांचा चेंडू पडून, चार उड्या मारून, उजवीकडे जाऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा चिंचेपाशी उभे राहिले, पाहिलं, आणि मागे फिरले. सेक्रेटरी धावत आले. "दादा, अहो, तो चेंडू उत्तम आहे! हद्दीबाहेर नाही!"

"तुमच्यासाठी नाय."

"अहो, आज कप आहे!"

"कप हाय म्हनून का दुसऱ्याच्या शेतात जावा?"

एक फटका वाया, एक दंडाचा, आणि कप एका फटक्याने गेला. ठाण्याच्या एका दातांच्या डॉक्टरने तो नेला आणि जाताना तक्रारही केली, की असं खेळणं नियमात बसतं का ते बघा. मी घरी जाऊन नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. सवय. त्यात स्वच्छ लिहिलंय की कोणताही खेळाडू, केव्हाही, एक फटका दंड घेऊन मागच्या जागेवरून पुन्हा खेळू शकतो. का, ते विचारायचं नाही. मी ते पान सेक्रेटरींना दाखवलं. खात्यात असतो तर शिक्काही मारला असता.

त्या दिवशी मी दादांना पहिल्यांदा सरळ विचारलं, "भिकाशी भांडण कशावरून झालं?"

"भांडन नाय झाला."

"मग?"

"बोलना बंद हाय." ते थोडा वेळ चेंडू पुसत राहिले. "वीस सालां झाली. कवा बंद झाला ता पन कल्ला नाय. आदी कमी झाला, मंग ऱ्हायलाच."

भिका टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो, दादा मोहन्याच्या बाजूला जुन्या घरात. मधे रिक्षाची वीस मिनिटं. लग्नकार्यात दोघे एकाच मांडवात जेवतात, वेगवेगळ्या पंगतीला. एक वाढपी होऊन फिरला की दुसरा ताटाकडे बघतो. हे मला दादांनीच सांगितलं आणि सांगताना त्यांना हसू येत होतं. मला आलं नाही.

मी मोजणी खात्यातला आहे हे त्यांना बरेच दिवस माहीतच नव्हतं. मला ते 'मास्तर' म्हणायचे, चेहऱ्यावरून ठरवून. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, "या भागातल्या मोजण्या आमच्याच ऑफिसने केलेल्या." दादा थांबले. मारायला उचललेली काठी खाली ठेवली. त्या दिवशी पुढची चार होलं ते खेळले नाहीत, नुसते माझ्याबरोबर चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्यात कागदात बांधलेला सुका जवळा. माझ्या बायकोने पिशवी घेतली, पुडीचा वास घेतला आणि आदराने ती बाल्कनीत नेऊन ठेवली. दादा सोफ्याच्या कडेवर बसले.

"मोजनीसाब," ते म्हणाले. मास्तरपद गेलं ते कायमचंच. "मना बांध खरा कुठं व्हता ता पायजे."

"तुम्हाला तर डोळे मिटूनही ठाऊक आहे."

"मना माजा ठाव हाय. खरा नाय ठाव." मग त्यांनी आवाज उतरवला, जणू बाल्कनीत पोलीस बसलेत. "मी कोरलाय तो."

बांध कोरणं म्हणजे काय, हे शेतीशी संबंध असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. पावसाआधी बांध नीट करायच्या निमित्ताने आपल्या बाजूने चार बोटं माती खरवडायची आणि तीच पलीकडच्या अंगाला थापायची. बांध तेवढाच जाड दिसतो, फक्त चार बोटं सरकतो. दरवर्षी चार बोटं. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं या चार बोटांची होती.

"पंदरा सालां कोरला," दादा म्हणाले. "भूक नव्हती मना. जमीन पन व्हती. हात ऱ्हायचा नाय बस. बाजूवाला कोरतो, त्याचा बाजूवाला कोरतो, आमी पन कोरला. पन दुसऱ्याचा कोरायचा सोरून मी भिकाचा कोरला. सक्क्या भावाचा. त्याला कल्ला. म्हनून तो बोलत नाय."

"तो तसं म्हणाला?"

"तो मुक्का हाय. बोलल कनाला? त्याला कल्ला, मना ठाव हाय."

किती कोरला ते नेमकं आठवत नव्हतं, म्हणून गोल्फ खेळताना ते अंदाजाने रेघ धरत होते, आणि अंदाज भिकाच्या फायद्याचा. आता त्यांना खरी रेघ हवी होती. ती मिळाली की भिकाला बोलवायचं, त्या रेघेवर उभं करायचं आणि म्हणायचं, हा एवढा तुझा, मी घेतला होता. जमीन कधीच विकली गेली होती. तिथे आता ठाण्याचा दातांचा डॉक्टर फिरतो. पण दादांच्या लेखी त्याने काही फरक पडत नव्हता. "पयले मी मरलो तं तो येल. खांदा देल. पन बोलल का मना?" असं म्हणून त्यांनी माझ्या बायकोने ठेवलेला चहा एका घोटात संपवला.

मी रीतसर अर्ज करून जमीन विकतानाच्या मोजणीची नक्कल काढली. आमच्या नकाशात दोन प्रकारच्या रेघा असतात. ठळक रेघ म्हणजे सरकारी हद्द, बापाने वाटणीत दिलेली. तुटक रेघ म्हणजे वहिवाट, प्रत्यक्ष जागेवर कोण कुठपर्यंत कसतोय ते. बांध कोरला असेल तर दोन रेघांत अंतर पडतं. ते अंतर म्हणजेच चोरी.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी टेप आणि लाल झेंड्या घेऊन पाचव्या होलवर गेलो. चिंचेच्या मुळांत सरकारी दगड अजून होता. तिथून मोजत, झेंड्या लावत जांभळीपर्यंत गेलो. दादा आपल्या बाजूला, हात मागे बांधून, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखे उभे.

"दादा," मी म्हणालो, "तुम्ही खेळताना जी हद्द पाळता, ती तुमच्याच शेतात चार हात आत आहे. भिकाचं देणं असेल नसेल, तुम्ही चार हात जास्तच दिलेत. खरी हद्द ही झेंड्यांची."

"बरा. आनी मी कोरून बांध नेला कुठं? ता दाखव."

मी नकाशा उलटसुलट करून पाहिला. चष्मा पुसून पाहिला. ठळक रेघेवर तुटक रेघ बसलेली होती. बोटभरसुद्धा फरक नाही.

"कुठेच नेला नाही," मी म्हणालो. "विकला तेव्हा बांध जागच्या जागी होता."

काथोडदादांना मी इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "खोटी हाय तुमची मोजनी! पंदरा सालां मी या हातानी कोरलाय! बसल्या जागेवरशी रेघा मारता तुमी लोक!"

चौतीस वर्षांत लोकांनी मला चोरी नाकारताना खूप शिव्या दिल्या होत्या. चोरी कबूल करून, ती सिद्ध होत नाही म्हणून शिव्या देणारा हा पहिलाच. मलाही खात्याचा अभिमान आहे. मी म्हणालो, "दादा, मोजणी खरी आहे. तुम्ही कोरला हेही खरं असेल. पण बांधाला दोन बाजू असतात."

दादा थांबले. चिंचेकडे पाहिलं, जांभळीकडे पाहिलं, आणि मग पलीकडच्या मोकळ्या गवताकडे पाहत राहिले.

"भिका!" ते शेवटी म्हणाले. "मायला, भिका!"

फोन काढला. नंबर शोधला नाही, बोटांनी सरळ दाबला. वीस वर्षं न लावलेला नंबर पाठ होता. पलीकडचे शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते.

"भिका, मी बोलतंय... मी रं, काथोड... तू बांध कोरायचास का?"

त्यानंतर पलीकडे काहीच नव्हतं. दादांनी फोन कानाला दाबून धरला, मग डोळ्यांसमोर धरून पाहिला, चालू आहे का ते. परत कानाला लावला. मग एका बाईचा आवाज आला, दादा नुसते हं हं करत राहिले, आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?"

"काय नाय बोल्ला. फोन वयनीला दिला." दादांनी फोन खिशात ठेवला. "वयनी बोल्ली, ते चपला शोधतान."

आम्ही वाट पाहिली. मागून खेळत आलेल्या दोघांना मी हाताने पुढे जायला सांगितलं. अर्ध्या तासाने गेटच्या बाजूने एक बारका, वाकलेला माणूस येताना दिसला. बरोबर गेटवरचा वॉचमन, कारण पाहुण्याच्या अंगात बनियन आणि लुंगी होती आणि क्लबचा कॉलरवाल्या टी-शर्टचा नियम आहे. भिकाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो झेंड्यांच्या पलीकडे, आपल्या बाजूला, येऊन उभा राहिला. दोघांच्या मधे माझ्या लाल झेंड्या.

"तू पावसाल्याआधी कोरायचास," भिका म्हणाला. वीस वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य. "मी कापनीनंतर."

"तुला कल्लाला का माजा?"

"नाय. तुजा कल्ला नाय. माजाच कल्लेला मना." भिकाने लुंगीच्या टोकाने तोंड पुसलं. "मना वाटला दादूसला समाजला. म्हनून दादूस बोलत नाय. कुठल्या तोंरानी येऊ?"

वीस वर्षं जो माणूस रागावलाय म्हणून दादा घाबरत होते, तो वीस वर्षं त्यांच्या रागाला घाबरत होता. मोजणीत असल्या चुकीसाठी आमच्याकडे खूण नाही. मी टेप गुंडाळायला लागलो.

"आता काय करायचा?" दादांनी विचारलं.

"काय नाय. बस जरा. पाय दुखतान."

दोघे बसले, तिथेच, झेंड्यांच्या रांगेत, शेजारी शेजारी, पाय पसरून. वॉचमन माझ्याकडे पाहत होता, यांना उठवायचं का म्हणून. मी त्याला म्हटलं, राहू दे. त्यांचे पाय कोणाच्या हद्दीत होते, ते मी पाहिलं नाही.